रुमालाखाली

चप्पल सुटली ती गणपती पेठेत.
मला कळलं मारुती चौकात,
मागनं एक पोरगं धावत आलं, "काकू, तुमचीच ना ही?"
डावा पाय अनवाणी चालत आला होता
तापल्या डांबरावरनं,
मला एका शब्दानं न सांगता.

सुरुवात तिथून धरायची, की आधीपासून?
डॉक्टर तारीख विचारतात.
मार्केट यार्डात वीस वर्षं पावत्या फाडते मी,
तारखेशिवाय एक ओळ लिहिलेली नाही,
पण याची तारीख नाही माझ्याकडे.
मुंग्या म्हणावं तर मुंग्या नव्हेत.
कोरड्या फरशीवर ओलं पोतं असल्यासारखं.
मान वाकवली की पाठीतनं करंट जातो.
भाच्याच्या लग्नात मामेसासऱ्यांच्या पाया पडताना गेला,
तशीच ओणवी राहिले.
त्यांनी दोनदा आशीर्वाद दिला.

मशीन मिरजेला.
कानात कापूस, तोंडावर पिंजरा,
मंगळसूत्र सुकुमारच्या खिशात.
आत आवाज हळद पॉलिश करायच्या ड्रमचा,
खडखड, खडखड, एकदम गप्प, पुन्हा खडखड.
वाटलं, निघेल आता वरची माती,
आतलं काहीतरी पिवळं दिसेल.

त्रिशला मगदूम, वय एकेचाळीस.
मेंदू नॉर्मल. मणका वयानुरूप.
सुकुमारनं स्टँडावरच पेढे घेतले.
खोकं मी मांडीवर धरलं,
आणि डाव्या हाताला ते खोकं लागतच नव्हतं.

"सगळं नीट आहे म्हणतात, मग झालं की!"
"बी बारा घे."
"पाळी जायच्या टायमाला होतं असं."
दुसरे डॉक्टर, तिसरे, मानेला पट्टा, झोपेची गोळी.
चौथ्यांनी फिल्म उजेडाला धरली बराच वेळ,
मग सुकुमारला बाहेर बसवून हळू विचारलं,
"घरी काही त्रास?"
त्या रात्री खरंच झाला.

सांगायला लाज वाटते,
पण बस्तीत उभं राहून मी एक डाग मागितला.
मसुराएवढा.
कुणालाही बोट ठेवून दाखवता येईल असा.

अण्णा हळदीचे दलाल.
त्यांच्या वेळी सौदा रुमालाखाली चालायचा.
वर पाऊसपाण्याच्या गप्पा,
खाली बोटाला बोट, पेराला पेर,
एक दाबलं, दोन सोडली, भाव ठरला.
बघणाऱ्याला दिसायचा नुसता हलणारा रुमाल.
मी परकरी पोर, विचारायची, "काय म्हणाला तो?"
"डोळ्याला नाही कळायचं ते," म्हणायचे.

परवा पाचव्यांदा गेलो.
मुजावर बाई, वयानं माझ्या भाचीएवढ्या.
फिल्मचं पाकीट त्यांनी टेबलावर तसंच ठेवलं.
"डोळे मिटा."
घोट्यावर काहीतरी टेकवलं असणार.
"थरथर लागते?"
"कुठं?"
त्या थांबल्या.
मग गुडघ्यावर, गार, गुणगुणत.
"हां, आता."
मग पायाचा अंगठा चिमटीत धरून, "वर नेला की खाली?"
"वर," मी म्हटलं.
त्या काहीच बोलल्या नाहीत,
म्हणजे खाली.

"याला म्हणायचं काय?"
"मला अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण आहे."
पुढच्या तपासण्या लिहून दिल्या.
त्याही नॉर्मल येतील कदाचित, हेही सांगितलं.
मी टेबलाची कड धरून रडले,
उजव्या हातानं, तो भरवशाचा.

बाहेर आलो तर दिवस मावळलेला.
आता जेवण उद्याच.
सुकुमारनं डबा न उघडता पिशवीत ठेवला.
सांगलीच्या बसमध्ये, विश्रामबागच्या अलीकडे,
त्यानं पदराखाली माझा डावा हात धरला.
धरला असावा.
मी पदर जरा बाजूला करून
बघून घेतलं.